झुडपं किती, आणि त्यांत नर किती?

(निसर्गप्रेमींच्या मासिक बैठकीत दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

नमस्कार. आयोजकांनी मला आधीच बजावून ठेवलंय की विषय परदेशी आहे, लोक उठून जातील, तेव्हा काहीतरी ओळखीचं सांगून सुरुवात करा. तर बॅटीपासून करते.

तुमच्यापैकी ज्यांनी मुलाला किंवा नातवाला बॅट घेऊन दिली असेल त्यांना दुकानदारानं विचारलं असेल, 'इंग्लिश विलो देऊ की काश्मीर विलो?' आपण किंमत ऐकतो आणि काश्मीर विलो घेऊन घरी येतो. ही बॅटीची झाडं बियांपासून वाढवत नाहीत. चांगल्या झाडाची सरळ, जाड फांदी तोडायची आणि ओल्या जमिनीत रोवायची. झाड उभं राहतं. म्हणजे मळ्यात शंभर झाडं दिसली तरी ती एकाच झाडाची शंभर कलमं असू शकतात. आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती फिरणार आहे, तेव्हा ते लक्षात असू द्या.

विलो म्हणजे सॅलिक्स कुळी. जगात तिच्या सुमारे चारशे जाती आहेत. बहुतेक थंड प्रदेशात, पण एक आपल्या दारात आहे. तिचं नाव वाळुंज. नाव ऐकलं की आपल्याला आडनाव आठवतं, नाहीतर गाव. झाड कुणाला आठवत नाही. ओढ्याकाठी, नदीच्या कडेला, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं वाढणारं, लांबट पानांचं, खरबरीत सालीचं झाड. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला सॅलिक्स टेट्रास्पर्मा म्हणजे 'चारबीजी' असं नाव दिलं. ते काही दुर्मीळ नाही. आजची गोष्ट त्याच्या थंडीतल्या भावंडांची आहे, आणि ती भावंडं फार वाईट अवस्थेत आहेत.

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लेक स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोला असते. तिच्याकडे लागोपाठ तीन उन्हाळे राहिले आणि बाळाला फिरवून झालं की करायचं काय, म्हणून तिथल्या वनस्पती उद्यानात जायला लागले. तिथे एका कोपऱ्यात कमरेएवढं झुडूप होतं. पानं दोन्ही बाजूंनी करड्या लोकरीनं मढवलेली, आणि फांद्यांवर सोनेरी केसांचे उभे तुरे. हात लावला तर मांजरीच्या पिलाच्या कानासारखं लागत होतं. पाटीवर लिहिलेलं, सॅलिक्स लनाटा. इंग्रजीत 'वूली विलो'. मी मनात तिला लोकरी विलो म्हणू लागले, तुम्हीही म्हणा. ती स्कॉटलंडमध्ये जेमतेम डझनभर ठिकाणी उरली आहे आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी झुडपं हाताच्या बोटांवर मोजता येतात. तिची एक बहीण आहे, सॅलिक्स लॅपोनम, पानांवर रेशमी लव असलेली. तिला लवदार विलो म्हणू. तिची ठिकाणं जास्त आहेत, पण तिथेही थोडी थोडी झुडपं, डोंगरकड्यांवर, एकमेकांपासून लांब.

आता मुद्द्यावर येते. विलोच्या जवळपास सगळ्या जाती विभक्तलिंगी आहेत. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. परसात गावठी पपई लावलेली असते, तिला लांब दांड्यांवर नुसती फुलं लोंबायला लागली की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'अरे, हा नर निघाला,' आणि कोयता शोधतं. कोकणातल्या माणसाला कोकमाचं विचारा. बियांपासून रोपं केली की जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला पाच-सात वर्षं खत-पाणी घालावं लागतं. म्हणून तर मादी झाडावरची कलमं बांधतात. पण सगळेच नर तोडले तर मादीलाही फळ धरायची पंचाईत होते, हेही बागायतदाराला ठाऊक असतं. जायफळवाले तर बागेत ठरवून मोजके नर राखतात.

बागेत हे राखणारा माणूस असतो. कड्यावर कोण राखणार?

जरा हिशेब करू. नर-मादी निम्मेनिम्मे आहेत असं धरा. एका कड्यावर तीन झुडपं उरली आहेत. तिन्ही एकाच लिंगाची असण्याची शक्यता किती? नाणं तीनदा उडवून तिन्ही वेळा तेच पडण्याइतकी, म्हणजे चारात एक. चार झुडपं असतील तर आठात एक. दहा असतील तर पाचशेबारात एक, म्हणजे काळजी नाही. पण विलोच्या अनेक जातींत माद्या जास्त असतात, विशेषतः थंड प्रदेशातल्या जातींत. तिनात दोन माद्या हे प्रमाण तिथे नवलाचं नाही. मग त्याच तीन झुडपांचा हिशेब चारात एकवरून तिनात एकवर येतो. आणि हे फक्त लिंगाचं झालं. नर आहे पण म्हातारा आहे, नर आहे पण तो फुलतो तेव्हा मादीवर अजून बर्फ आहे, हे सगळं यात धरलेलंच नाही. एकाच डोंगरावर वरच्या आणि खालच्या कपारीतला बर्फ वेगवेगळ्या दिवशी वितळतो, आणि फुलण्याचं घड्याळ बर्फाच्या हातात असतं.

लिंग ठरतं कसं, असं मला वर्गात हमखास विचारायचे. इथे विलोनं गंमत केली आहे. काही जातींत आपल्यासारखी व्यवस्था, वेगळं गुणसूत्र नराकडे. काही जातींत पक्ष्यांसारखी, वेगळं गुणसूत्र मादीकडे. एकाच कुळीत दोन्ही. यावर तासभर बोलता येईल, पण ते आज नको.

तर ही झुडपं कड्यावर गेली कशी? ती मुळात कड्यावरची नाहीतच. झाडोऱ्याची हद्द संपते आणि डोंगरमाथा सुरू होतो त्या मधल्या पट्ट्यात कमरेएवढ्या विलोंची दाट जाळी असायची. नॉर्वेत आजही मैलोन्‌मैल दिसते. स्कॉटलंडच्या डोंगरावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मेंढ्या चढल्या. जमीनदारांनी माणसं हुसकावून मेंढ्या आणल्या, तो इतिहास तिथे अजून दुखरा आहे. मग शिकारीच्या शौकासाठी लाल हरणं वाढू दिली. विलोची पालवी जनावरांना गोड लागते. सपाटीवरची जाळी खाऊन संपली आणि जिथे मेंढीचं तोंड पोचत नाही अशा कपारींत चार-दोन झुडपं राहिली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं की ही कड्यावर असते, तेव्हा पुस्तकात लिहिलं, 'अधिवास: कडे व कपारी.' मला हे वाचून फार हसू आलं होतं. पुरात माणूस झाडावर चढून बसला, तर त्याचा पत्ता 'आंब्याची तिसरी फांदी' असा लिहायचा का?

या झुडपांचा मोठ्यातला मोठा शिल्लक पट्टा ज्या मोजक्या जागी आहे त्यातली एक म्हणजे कोरी फी. ग्लेन डॉल नावाच्या दरीतून जंगलातून तासभर चालायचं आणि एकदम झाडं संपतात. समोर तिन्ही बाजूंनी कडे असलेला खोलगट वाडगा. गेलिक भाषेत 'कोरे' म्हणजे कढईच. मी जूनमध्ये गेले होते. गुडघ्यांमुळे मी कड्याखालीच बसले आणि दुर्बीण लावली. करड्या खडकावर आणखी करडे ठिपके दिसले. बरोबरच्या तरुण मुलीनं, ती तिथे स्वयंसेवक म्हणून यायची, मला एकेक ओळखून दाखवलं. ही लवदार, ती लोकरी, ते मधलं बहुधा संकरित. मग मी आपला मास्तरकीचा प्रश्न विचारला, 'त्यात नर कुठला?' ती हसली आणि म्हणाली, 'ते तुरे असताना दोर लावून वर गेल्याशिवाय कळत नाही. आणि तुरे असतात तेव्हा वर बर्फ असतो.'

हे फार महत्त्वाचं आहे. पानांवरून विलोचा नर-मादी ओळखता येत नाही. रोपाचं तर नाहीच नाही. फुलल्यावरच कळतं. आणि विलोचे तुरे आदल्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येतात. ती फांदी हरणानं खाल्ली की त्या वर्षी तुरा नाही. दर वर्षी खाल्ली तर झुडूप पन्नास वर्षं जगेल, हिरवं राहील, मोजणीत 'एक' म्हणून लागेल आणि एकदाही फुलणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, या वनस्पतींच्या बाबतीत 'झुडपं किती?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कोण कोण आहेत आणि फुलतात का. वाड्यात पाच म्हाताऱ्या राहतात म्हणून वाडा नांदता आहे असं आपण म्हणत नाही. मला माफ करा, मी स्वतः त्याच वयाची आहे, म्हणून बोलते.

तुरा भिंगाखाली कसा दिसतो ते सांगते, कारण तो फार सुंदर दिसतो. पुस्तकात त्याला नतकणिश म्हणतात, पण लोकरी विलोचा तुरा नत वगैरे नसतो, ताठ असतो. त्यात शेकडो बारीक फुलं. पाकळ्या नाहीत, निदलं नाहीत. प्रत्येक फुलाला एक केसाळ खवला, त्याच्या पोटाशी नर असेल तर दोन पुंकेसर, मादी असेल तर सुरईसारखा एक बीजकोश. आणि बुडाशी एक इवलीशी मधाची ग्रंथी. आपल्या वाळुंजात पुंकेसर दोन नाहीत, पाच ते दहा असतात. एवढा फरक सोडला तर आराखडा तोच.

ती मधाची ग्रंथी बघितली की कळतं, हे झाड नुसतं वाऱ्यावर विसंबून नाही. पराग वाराही नेतो आणि कीटकही नेतात. डोंगरावर बर्फ वितळता वितळता पहिलं जेवण विलोचं असतं. हिवाळाभर जमिनीत झोपलेली बंबलबीची राणी, आपल्या भुंग्यासारखी पण अंगभर लोकर असलेली, उठते ती सरळ या तुऱ्यांवर येते. नराकडे पराग आणि मध दोन्ही, मादीकडे फक्त मध. पण राणी हिशेबी असते. दाट जाळी असेल तर ती झुडपामागून झुडूप घेते. कड्यावर एकटं झुडूप असेल तर एवढी थंडी अंगावर घेऊन तिथवर कशाला जाईल? म्हणजे संख्या घटली की पाहुणे घटतात, पाहुणे घटले की बी घटतं, बी घटलं की संख्या आणखी घटते.

आता बी. इथे मला माझी एक फजिती सांगायची आहे. लेकीच्या घरामागे कालवा आहे, त्याच्या काठी साधी विलो आहे, तिकडे पैशाला पासरी मिळणारी. मे महिन्यात तिचे कोश फुटले आणि हवेत म्हाताऱ्या उडायला लागल्या. हो, आपण सावरीच्या, रुईच्या उडत्या कापसाला जी म्हातारी म्हणतो तीच. मी मूठभर गोळा केल्या. त्यातलं बी खसखशीहून लहान. थोडं बी बशीत ओल्या टिश्यू पेपरवर टाकलं, बाकीचं कागदी पाकिटात घालून, वर तारीख लिहून, स्वयंपाकघराच्या खणात ठेवलं. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं की बी कोरडं, अंधारात, कागदी पाकिटात ठेवावं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना बशी पाहिली आणि हाक मारून लेकीला बोलावलं. चोवीस तासही झाले नव्हते आणि बिया उघडल्या होत्या. दोन हिरवेगार दल, टाचणीच्या टोकाएवढे. महिन्यानं मोठ्या ऐटीत खणातलं पाकीट काढलं, तशीच बशी मांडली. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. एकही नाही. सगळं पाकीट मेलेलं होतं.

विलोच्या बीला शिदोरीच नसते. हरभऱ्यात, गव्हात अंकुरासाठी जेवण भरून ठेवलेलं असतं. विलोत ते नाही. आतला गर्भ आधीच हिरवा, हरितद्रव्य तयार. ते बी म्हणजे जवळजवळ रोपच, कापसाच्या पंखांवर बसलेलं. उतरल्या जागी ओल मिळाली तर त्याच दिवशी रुजतं, नाही मिळाली तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत संपतं. म्हणून जमिनीत विलोच्या बियांचा साठा नसतो. आपल्या माळावर पहिला पाऊस पडला की वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बी उगवतं, तसं इथे होत नाही. मेंढ्या हटवल्या, आता आपोआप उगवेल, असं म्हणून भागत नाही. यायचं बी यंदा यंदाच्या मादीकडून, यंदाच्या नराच्या परागावर आलं पाहिजे. बी बँकेत ठेवायचं तर गोळा केल्याबरोबर नीट वाळवून खोल गोठवावं लागतं. माझ्या खणाचं तिथे काम नाही.

आणि बी आलं तरी ते उतरणार कुठे? त्याला उघडी, ओली माती पाहिजे. दरड कोसळली, ओढ्यानं काठ खरवडला, तिथे. गवताच्या गादीवर पडलं तर मूळ मातीला टेकायच्या आत वाळून जातं. आता कुंपणाची गोष्ट ऐका. स्कॉटलंडच्या मध्यभागी बेन लॉअर्स म्हणून डोंगर आहे, १२१४ मीटर. डोंगरावरच्या फुलांसाठी वनस्पतिशास्त्राच्या लोकांत त्याचं मोठं नाव. १९५० साली त्याचा दक्षिण उतार नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेनं घेतला आणि पुढे उताराचा एक भाग कुंपणानं बंद केला. मी ते कुंपण पाहिलं. त्याच्या एका अंगाला चरून चरून गालिचा झालेलं गवत, दुसऱ्या अंगाला गुडघ्यापर्यंत फुलं, बर्च, विलो. तारेची एवढी एक रेघ, आणि तिच्या दोन बाजूंना दोन देश. बघून डोळे भरून येतात.

पण डोळे पुसून खाली वाकून पाहिलं पाहिजे. आतलं गवत दाट झालं. दाट गवतात व्होल आले. व्होल म्हणजे आखूड शेपटीचे, उंदरासारखे प्राणी. ते रोपांची साल बुडाशी कुरतडतात. गोगलगायी आल्या. आणि उघडी माती उरली नाही, म्हणजे बी पडायला जागा नाही. मेंढी रोप खाते, हे खरं. पण मेंढीच्या, गाईच्या खुरानं जमीन उकरली जाते आणि तिथेच बी रुजतं, हेही खरं. म्हणून आता बरेच जण म्हणतात की कुंपण कायमचं नको, जनावरं अगदी शून्यही नकोत. थोडी, वेळ बघून. हे ठरवायला दर वर्षी माणूस जागेवर पाहिजे, आणि त्याला पगार कोण देणार हा प्रश्न तिकडेही आपल्यासारखाच आहे. शिवाय कोरी फीसारख्या ठिकाणी कड्यावरून हिमकडे कोसळतात, तिथे तार टिकतच नाही. मग हरणांची संख्या कमी करायची, म्हणजे मारायची. शाकाहारी मंडळींना हे ऐकायला जड जाईल. मलाही गेलं. पण तिथे लांडगा राहिलेला नाही, मग ते काम कुणाच्या तरी बंदुकीनं होतं.

तर आपोआप होत नाही, म्हणून रोपं लावायची. आता कामाचा प्रश्न येतो. रोपं कशाची? विलो म्हणजे छाट कलम सोपं, असं आपल्याला वाटतं. काठी रोवली की फुटते. डोंगरावरच्या जाती तेवढ्या गुणी नाहीत, पण फुटतात. आणि निसर्गातही खाली टेकलेली फांदी मूळ धरते, आपण गुलाबाचं दाब कलम करतो तसं. पण कलम केलं की मादीची मादीच होते. एका कपारीतल्या एका मादीच्या दोनशे काठ्या आणून लावल्या तर डोंगर हिरवा होईल, फोटो छान येईल, अहवालात 'दोनशे' असा आकडा पडेल आणि पुढच्या पिढीचा आकडा शून्य. म्हणून चांगल्या रोपवाटिकेत आधी मूळ झाडांची नोंद करतात. कुठल्या कपारीतली, नर की मादी. ट्रीज फॉर लाइफ ही संस्था डनड्रेगन इथल्या रोपवाटिकेत डोंगरी विलो मोठ्या प्रमाणात वाढवते. नराच्या आणि मादीच्या कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या की बी दारातच तयार होतं. ते लगेच पेरायचं. बियांपासूनचं प्रत्येक रोप वेगळं असतं, कलमाचं नसतं. कष्ट जास्त, पण मला तोच रस्ता बरोबर वाटतो.

एडिंबरोच्या वनस्पती उद्यानानं या विलोंवर बरीच वर्षं काम केलंय. वर्गीकरण, जनुकं, परिसर असा सगळा अभ्यास एकत्र करून त्यांनी २००५ साली एक अहवाल काढला. २००७ साली स्कॉटलंडच्या सरकारी निसर्गखात्यानं तातडीनं लक्ष द्यायच्या ३२ जातींची यादी केली. त्यात बीव्हर होता, सागरी गरुड होता, आणि त्या दिमाखदार मंडळींच्या पंगतीत लोकरी विलोचं पान मांडलेलं होतं. मला याचं फार कौतुक वाटतं. झुडपाला पंगतीत बसवणं सोपं नसतं. त्याला डोळे नसतात, पिल्लं नसतात, पोस्टर करता येत नाही.

एक वाद मात्र जोरात चालतो. एका कड्यावर नुसत्या माद्या आहेत, तर दुसऱ्या दरीतला नर आणून लावायचा का? एक पक्ष म्हणतो, नको. प्रत्येक दरीतली झुडपं तिथल्या मातीला, थंडीला सरावलेली. भेसळ केली तर ते स्थानिकपण जाईल. यात तथ्य आहे. माणसानं झाडं इकडून तिकडे नेऊन कमी घोळ घातलेले नाहीत. पण मी दुसऱ्या पक्षाची. मेंढ्या यायच्या आधी ही जाळी सलग होती. पराग आणि म्हाताऱ्या दरीदरीतून फिरत होत्या. आज जी झुडपं 'वेगळी' दिसतात ती दोन-तीनशे वर्षांपूर्वीची एकाच घरातली माणसं, मध्ये भिंत पडली म्हणून दुरावलेली. दुसऱ्या दरीतला नर हातानं आणणं म्हणजे वाऱ्याचं राहिलेलं काम करणं. शुद्धतेपायी वंश बुडू देणं मला पटत नाही, झाडांतही नाही.

भेसळीचा खरा धोका वेगळा आहे. विलोच्या जाती आपसात सहज संकर करतात. कड्यावरच्या एकट्या लवदार मादीला तिच्या जातीचा नर मिळाला नाही, आणि दरीतल्या दुसऱ्या जातीचे नर भरपूर फुललेत, तर बी धरतं, पण ते संकरित. मादी रिकामी राहत नाही, तरी तिची जात पुढे जात नाही. कॅनडात न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला चुनखडीची उजाड जमीन आहे. तिथे सॅलिक्स जेजुना नावाची जमिनीला चिकटून सरपटणारी विलो आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. २००१ साली तिला तिकडे संकटग्रस्त ठरवलं. तिथे रस्त्यांसाठी, खडीसाठी जमीन उकरली गेली, आणि तिथेही शेजारच्या विलोंबरोबरच्या संकराकडे अभ्यासकांचं बारीक लक्ष आहे. तपशिलात जात नाही, वेळ संपत आलाय.

जाता जाता काश्मीर. विलोचा सख्खा चुलतभाऊ पॉप्लर, त्याच्यातही नर-मादी वेगळे. काश्मीरमध्ये परदेशी पॉप्लर भरमसाट लावले. मे महिन्यात त्यांच्या माद्यांच्या म्हाताऱ्या उडतात, घराघरात शिरतात. लोकांना वाटलं, सर्दी, दमा यानंच. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१५च्या सुमारास मादी पॉप्लर तोडायचे आदेश झाले. हजारो झाडं पडली. आता ही म्हातारी म्हणजे बियांचा कापूस आहे, पराग नव्हे. पराग असतो नराकडे, आणि नर राहिले उभे! हसताय, पण बारावीच्या पुस्तकातला परागकण आणि बी यातला फरक किती महाग पडू शकतो बघा.

बरं. प्रश्नोत्तरांत एका तरुणानं विचारलं ते इथे घेते, कारण प्रश्न चांगला होता. तो म्हणाला, 'बाई, आमचा गट ओढ्याचा काठ धसू नये म्हणून वाळुंज लावतोय. एका मोठ्या झाडाच्या फांद्या आणतो, शंभर टक्के जगतात. आम्ही चुकतोय का?'

काठ सांभाळायला चुकत नाही. मुळं छान धरतात. पण एकाच झाडाच्या आणताय, म्हणजे तुमच्या ओढ्यावर एक तर सगळे भाऊ आहेत नाहीतर सगळ्या बहिणी. त्यापेक्षा असं करा. पाऊस ओसरला, थंडी पडायला लागली की साधारण वाळुंजाला तुरे येतात. तेव्हा वरच्या आणि खालच्या अंगाला, जमेल तितकी जुनी झाडं फिरून बघा. तुऱ्यावर बोट टेकवा. बोटाला पिवळी पूड लागली तर नर. पूड नाही, हिरवे टोकदार दाणे दिसले तर मादी. दहा रुपयांचं भिंग असलं तर आणखी सोपं. तेव्हाच्या तेव्हा खोडाला खूण बांधून ठेवा, नराला एका रंगाची, मादीला दुसऱ्या, कारण तुरे गळले की पुन्हा वर्षभर काही कळत नाही. मग फांद्या दोन्हींच्या घ्या, जितकी जास्त झाडं तितकं चांगलं, आणि लावताना मिसळून लावा. आणि खूण सुती चिंधीची बांधा. नायलॉनची दोरी दोन वर्षांत खोडात रुतून बसते.